वन्य प्राण्यांमधली भागीदारी: खरी कुठली, आपण मानलेली कुठली?

सांजपक्षी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेले काही महिने प्राण्यांच्या वर्तनावरचं मिळेल ते संशोधन वाचतेय आणि त्यातला एक प्रश्न डोक्यातून जातच नाही. वेगळ्या जातींचे रानातले प्राणी मिळून काम करतात का? आणि करत असले, तर ते आपल्याला कळतं कसं?

सुरुवात मगरीपासून करते. जबडा वासून पडलेली मगर आणि तिच्या दातांतलं टिपणारा छोटासा पक्षी, हे चित्र बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या पुस्तकात पाहिलं असेल. मूळ गोष्ट हेरोडोटसची, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातली. त्याच्या गोष्टीत पक्षी मगरीच्या तोंडातल्या जळवा खातो. तेव्हापासून ती या पुस्तकातून त्या पुस्तकात उतरत आली, पण शास्त्रज्ञांना पटेल असा भक्कम पुरावा काही तिच्यामागे उभा राहिला नाही. हे वाचलं तेव्हा मी हिरमुसले.

मग ऑक्सपेकरकडे वळले. आफ्रिकेत गेंडे, रानम्हशी, जिराफ यांच्या अंगावर बसून गोचिड्या खाणारा पक्षी. तिथेही धक्का बसला. पॉल वीक्स यांनी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही बैलांजवळ ऑक्सपेकर येऊ द्यायचे, काहींजवळ येऊ द्यायचे नाहीत. पक्षी नसलेल्या बैलांवर गोचिड्या वाढायला हव्या होत्या, पण त्या वाढल्या नाहीत. उलट ज्यांच्यावर पक्षी बसत होते त्यांच्या जखमा जास्त दिवस ओल्या राहिल्या, कारण पक्षी त्या टोकरून रक्त पीत होते.

इथवर वाचून मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. पण किस्वाहिली भाषेत ऑक्सपेकरला 'अस्करी वा किफारू' म्हणतात, म्हणजे गेंड्याचा पहारेकरी. रोअन प्लॉट्झ आणि वेन लिंकलेटर यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या ह्लुह्लुवे-इम्फोलोझी अभयारण्यात हे नावच तपासायला घेतलं. काळ्या गेंड्याची नजर अधू असते. एक माणूस त्याच्या दिशेने चालत जायचा. पाठीवर पक्षी नसतील तर 100 पैकी 23 वेळाच गेंड्याला सुगावा लागला, तोही माणूस सरासरी 27 मीटरवर आल्यानंतर. पक्षी असतील तर प्रत्येक वेळी, आणि सरासरी 61 मीटरवरून! पक्ष्याचा आवाज आला की गेंडा तोंड फिरवायचा ते वारा वाहत जातो त्या बाजूला. त्या बाजूने येणाऱ्याचा वास त्याला मिळत नाही, म्हणून धोका तिकडूनच असणार. हा अभ्यास 2020 सालचा.

म्हणजे तोच पक्षी रक्तही पितो आणि राखणही करतो. वीक्स यांनी गोचिड्या मोजल्या म्हणून एक गोष्ट कळली, या दोघांनी अंतर मोजलं म्हणून दुसरी कळली. मला वाटतं, अशा प्रत्येक जोडीबद्दल आधी एकच विचारावं: हा प्राणी एकटा असता तर त्याला काय मिळालं असतं? ते कुणी मोजलंय का?

तुम्ही वाचलेलं, पाहिलेलं इथे सांगा.

दूर्वांकुर

लेख आवडला. पण 'मदत', 'भागीदारी' हे शब्द मला खटकतात. ऑक्सपेकर ओरडतो तो स्वतः घाबरला म्हणून. गेंडा ते ऐकतो, एवढंच. त्याने गेंड्यासाठी काही केलं असं कुठे दिसतं? बेल्जियमचे प्राणिशास्त्रज्ञ व्हान बेनेडेन यांनी 1870च्या दशकातच परजीवी, नुसते पंगतीला बसणारे आणि दोघांचा फायदा होणारे असे प्रकार वेगळे केले होते. त्यात कुठेही उपकाराची भावना येत नाही. आपण आपल्या मनातलं प्राण्यांच्या डोक्यात घालतो असं माझं स्पष्ट मत आहे.

माळटिटवी

सांजपक्षी, तुमचा शेवटचा प्रश्न मला फार लागला. सांगते का.

दोन वर्षांपूर्वी मी चरणाऱ्या गुरांमागे फिरणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवत होते. गायबगळे आणि कोतवाल. सकाळी लवकर जाऊन बसायचं, कळप आला की वही उघडायची. गाय पुढचा पाय उचलते, गवतातून नाकतोडा उडतो, आणि पाय खाली टेकायच्या आत कोतवाल त्याला हवेत उचलून परत तिच्याच पाठीवर येऊन बसतो. दोन्ही पंजांत धरून पंख तोडतो, गिळतो, चोच तिच्या पाठीला पुसतो. इतक्या जवळून पाहिलंय की पंखांचा तुटल्याचा आवाज यायचा. वह्या भरल्या आणि मी ठामपणे लिहून मोकळी झाले की गुरांमुळे कोतवालाला जास्त भक्ष्य मिळतं.

एका जाणत्या माणसाला वही दाखवली. त्यांनी शांतपणे पानं उलटली आणि विचारलं, "कळप नसताना हाच कोतवाल काय करत होता, ते कुठे आहे?"

ते कुठेच नव्हतं. कळप गेला की मी वही मिटून घरी जात होते. सगळ्या नोंदी एकाच बाजूच्या. निष्कर्ष बरोबरही असेल, कारण गायबगळ्यांवर इतरांनी नीट तुलना करून काम केलंय आणि गुरांजवळ त्यांना कमी पावलांत जास्त खाणं मिळतं हे दिसलंय. पण माझ्या वहीतून ते सिद्ध होत नव्हतं. ती सल अजून आहे.

शोधक

माळटिटवी, हा अनुभव मनापासून लिहिलात, धन्यवाद.

'एकटा असता तर' याचं मला माहीत असलेलं उत्तम उदाहरण इथिओपियातल्या ग्वासा पठारावरचं. तिथे गेलाडा माकडांचे मोठे कळप गवत खात फिरतात आणि इथिओपियन लांडगे त्यांच्या मधून, अगदी पिल्लांच्या शेजारून चालत जातात. लांडग्यांना माकडाचं पिल्लू उचलणं शक्य असतं, पण ते उंदरांच्या मागे असतात. विवेक वेंकटरामन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये आकडे दिले. कळपात असताना लांडग्यांचे 67 टक्के प्रयत्न यशस्वी, एकटे असताना 25 टक्के. कळपात शिरलेला लांडगा सावकाश चालतो, धावपळ करत नाही, माकडंही बुजत नाहीत.

यात माकडांना काय मिळतं? काही मिळाल्याचं दिसत नाही. म्हणून याला मी भागीदारी म्हणणार नाही. पण लांडग्याला संयम ठेवावा लागतो हे मात्र आहे. एकदा पिल्लावर झडप घातली तर ती वाट बंद.

दुसरं उदाहरण उत्तर अमेरिकेतलं: कायोटी, म्हणजे लांडग्याचा छोटा भाऊबंद, आणि बॅजर हा बुटका प्राणी. बॅजर बीळ उकरतो, कायोटी वर उभा राहतो. बिळात राहणारी खार दुसऱ्या तोंडाने बाहेर पडली तर कायोटीची, आत दडून राहिली तर बॅजरची. मिंटा आणि सहकाऱ्यांनी वायोमिंगमधल्या एल्क अभयारण्यात हे बघितलं, 1992 मध्ये छापलं. बॅजरबरोबर असलेल्या कायोटीला एकट्या कायोटीपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त खारी मिळत होत्या. बहुतेक वेळा एक कायोटी, एक बॅजर अशीच जोडी. कॅलिफोर्नियात महामार्गाखालच्या मोरीत लावलेल्या कॅमेऱ्यात असंच दृश्य आलं, तो व्हिडिओ 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. कायोटी मोरीच्या तोंडाशी उड्या मारत थांबतो, मागून बॅजर डुलत येतो, मग दोघं एकामागोमाग आत जातात. शेपटी हलवत वाट पाहणारा तो कायोटी एकदा पाहिला की दूर्वांकुर यांचं म्हणणं मानायला जीव धजत नाही, हे कबूल करतो.

दूर्वांकुर

शोधक, तो व्हिडिओ मीही पाहिलाय आणि मलाही तो गोड वाटला. पण गोड वाटणं हा पुरावा धरायचा का? शिकार पकडली की दोघंही ती वाटून घेत नाहीत. ज्याने धरली त्याची.

खडकपाणी

मी पाण्याखाली बराच वेळ घालवतो, त्यामुळे माझी उदाहरणं माशांची.

वाळूत एक बीळ असतं. ते पिस्तूल कोळंबी खणते, तिला जवळजवळ दिसतच नाही. दिवसभर ती वाळू ढकलत बाहेर आणते, बुलडोझरसारखी. दाराशी गोबी मासा बसलेला असतो. कोळंबी बाहेर आली की तिची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. सतत. मी हळूच पुढे सरकलो की गोबी पळून जात नाही, आधी शेपटी थरथरवतो. कोळंबी जागच्या जागी थांबते. अजून थोडा सरकलो की गोबी डोक्याकडून बिळात शिरतो, पण तोवर कोळंबी कधीच आत गेलेली असते. मी श्वास रोखून वाट पाहतो. बऱ्याच वेळाने आधी गोबीचं तोंड दिसतं, मग तिची मिशी त्याच्या शेपटीवर. घर तिचं, डोळे त्याचे. हे कितीही वेळा पाहिलं तरी माझं मन भरत नाही.

दूर्वांकुर, तुम्ही म्हणता की ओरडणारा स्वतःसाठी ओरडतो. ऑक्सपेकरबद्दल असेलही. पण तांबड्या समुद्रातला ग्रूपर मासा बघा. रेदुआन ब्शारी आणि सहकाऱ्यांचं 2006 चं काम आहे. ग्रूपर उघड्या पाण्यात शिकार करतो. भक्ष्य खडकाच्या फटीत शिरलं की त्याचा नाइलाज. मग तो मोरे वाम विश्रांती घेत असते तिथे जातो आणि तिच्या तोंडासमोर जोरजोरात डोकं हलवतो. वाम बाहेर येते, दोघं बरोबर पोहत जातात. फटीत वाम शिरते. भक्ष्य आत सापडलं तर तिचं, बाहेर उसळलं तर याचं. ग्रूपर भुकेला असताना हे बोलावणं जास्त होतं. पुढे 2013 मध्ये अलेक्झांडर व्हेल यांनी दाखवलं की भक्ष्य लपलंय त्या फटीवर ग्रूपर उभा होऊन, डोकं खाली करून ती जागा दाखवतो. 'इथे आहे' असं सांगण्याचा हा प्रकार आपण चिंपांझी, डोमकावळा अशा थोड्याच प्राण्यांत मानत होतो.

इथे घाबरून निघालेला आवाज नाही. मुद्दाम जाऊन, दुसऱ्या जातीच्या प्राण्याला बोलावून आणणं आहे.

सांजपक्षी

खडकपाणी, मिशी टेकलेल्या कोळंबीचं वर्णन मी तीनदा वाचलं.

ऑक्टोपसचं यात भर म्हणून सांगते. एदुआर्दो सांपायो आणि सहकाऱ्यांनी 2024 मध्ये तांबड्या समुद्रातल्या ऑक्टोपस आणि माशांच्या मिश्र शिकारी टोळ्यांवर लिहिलं. कुठे जायचं हे बऱ्याचदा मासे ठरवतात, विशेषतः गोटफिश. निघायचं कधी हे ऑक्टोपस ठरवतो. आणि जे मासे काही न करता नुसते घुटमळतात त्यांना ऑक्टोपस ठोसा मारतो, हात सरळ फेकून. काळ्या टोकांच्या ग्रूपरला असे ठोसे जास्त बसतात. काम न करणाऱ्याला टोळीत ठेवायचं नाही, एवढं तरी त्याला कळतं.

दूर्वांकुर, तुमचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून विचारते: स्वार्थ असला म्हणजे भागीदारी नसते असं तुम्हाला का वाटतं?

दूर्वांकुर

कारण स्वार्थ असला की फसवणूकही आलीच. कोतवालाचंच घ्या, माळटिटवींच्या गुरांवरचा नव्हे, कालाहारीतला. टॉम फ्लॉवर यांनी तिथल्या कोतवालांवर वर्षानुवर्षं काम केलं. मीरकॅट (मुंगसाच्या कुळातले छोटे प्राणी) आणि बॅबलर पक्षी जमीन उकरत असतात, कोतवाल वर फांदीवर. ससाणा आला की तो खरोखर इशारा देतो, हे लपतात. मग एखाद्याला जाडजूड अळी सापडली की कोतवाल खोटाच इशारा देतो, मीरकॅट अळी टाकून बिळाकडे पळतो, हा खाली येऊन उचलतो. एकच इशारा वारंवार दिला की समोरचा ऐकेनासा होतो, म्हणून तो दुसऱ्या पक्ष्याची, कधी मीरकॅटचीच नक्कल करतो. 2014 च्या त्यांच्या लेखात अशा इशाऱ्यांचे 51 प्रकार नोंदलेत. त्या कोतवालाच्या पोटातलं जवळपास चतुर्थांश अन्न असं चोरलेलं असतं.

याला काय म्हणायचं?

ओंजळ

पहिल्यांदाच लिहितेय, चूकभूल द्यावी.

दूर्वांकुर, मला या गोष्टीत उलटंच दिसतं. मीरकॅट अजूनही त्याचं ऐकतात! म्हणजे त्याचे खरे इशारे इतके कामाचे आहेत की अधूनमधून एक अळी गेली तरी त्यांना परवडतं. बहुतेक वेळा तो खोटंच बोलला असता तर त्याच्याकडे कुणी लक्षच दिलं नसतं.

क्लीनर रॅसचं कुणी कसं लिहिलं नाही? प्रवाळात ठरलेल्या जागी बसणारा बोटभर निळा-काळा मासा. मोठे मासे तिथे येऊन रांगेत थांबतात, कल्ले पसरतात, तोंड उघडतात. अलेक्झांड्रा ग्रटर यांनी ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटाजवळ मोजलं, एक क्लीनर दिवसाला सरासरी 1200 च्या आसपास परजीवी खातो. पण त्याला खरं आवडतं ते माशाच्या अंगावरचं बुळबुळीत आवरण. त्याचा लचका तोडला की गिऱ्हाईक दचकतं. आणि ब्शारी-ग्रटर यांच्या 2006 च्या प्रयोगात दिसलं की आधीच्या माशाशी क्लीनर नीट वागताना दिसला तर पुढचा मासा त्याच्याकडे जास्त जातो. कुणी बघत असलं की क्लीनरही नीट वागतो.

नर-मादी जोडीने काम करत असताना मादीने लचका तोडला, तर नर तिला हुसकावतो. निकोला रायहानी यांनी 2010 मध्ये हे ताटलीवर दाखवलं. साधं खाणं आणि कोळंबी समोर ठेवली; मादीने आवडती कोळंबी खाल्ली की ताटली उचलली जाई आणि दोघंही उपाशी. नर तिच्या मागे धावायचा, आणि पुढच्या फेरीत ती कोळंबीला कमी तोंड लावायची.

मला वाटतं विश्वास असाच तयार होतो, पाहून, आठवून आणि न पटलं तर निघून जाऊन. त्याला स्वार्थ म्हणा. पण त्या रांगेत थांबलेल्या माशाने तोंड उघडलेलं असतं आणि क्लीनर त्या तोंडात शिरलेला असतो, आणि तोंड मिटत नाही.

दूर्वांकुर

ओंजळ, शेवटच्या वाक्यावर मी थांबलो. तोंड न मिटण्याचा मुद्दा मान्य. मी 'फायदा' म्हणत होतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त त्या क्षणाचा फायदा होता. आज गिळला तर उद्या साफ कोण करणार, हा हिशोब मी धरलाच नव्हता. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1971 च्या परतफेडीवरच्या लेखात याच माशांचं उदाहरण घेतलं होतं, ते आता पुन्हा नीट वाचतो.

शोधक

जंगलात फिरणाऱ्यांसाठी एक भर. वानर आणि चितळ. पॉल न्यूटन यांचा कान्हामधला अभ्यास 1989 चा. चितळ वानरांच्या झाडाखाली जमतात, कारण वानरं पाला खाण्यापेक्षा सांडतात जास्त. वानर उंचावरून लांबचं बघतं, चितळाचं नाक आणि कान खाली काम करतात. वानर खाकरलं की खालचे सगळे चितळ माना वर करतात, एकाच दिशेने. पण न्यूटन यांनीही आधी हे तपासलं की हे एकत्र दिसणं निव्वळ योगायोगाने किती वेळा घडलं असतं. दोघंही त्याच रानात राहणार म्हणजे भेटणारच, तो भाग वजा केल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

सांजपक्षी

मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलेली जोडी आता सांगते, हनीगाइड आणि माणूस. पाळलेला प्राणी नाही, शिकवलेला नाही, पूर्णपणे रानातला पक्षी.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस आताच्या मोझांबिकमधल्या सोफाला इथे पोर्तुगीज धर्मोपदेशक जोआंव दोस सांतोस यांनी लिहून ठेवलं की एक छोटा पक्षी चर्चमध्ये शिरून मेणबत्त्यांचं मेण खातो, आणि तोच पक्षी माणसांना मधाच्या पोळ्यापर्यंत नेतो. पक्ष्याला पोळं कुठे आहे ते माहीत, पण ते फोडता येत नाही. माणसाकडे धूर आणि कुऱ्हाड. मध माणसाचा, मेण आणि अळ्या पक्ष्याच्या.

केनियात हुसेन इसाक आणि हाइन्झ-उलरिख रायर यांनी 1989 मध्ये मोजलं: बोराना लोकांना अनोळखी भागात पोळं शोधायला पक्ष्याशिवाय सरासरी 8.9 तास लागत, पक्षी बरोबर असला की 3.2 तास. मग क्लेअर स्पॉटिसवुड, कीथ बेग आणि कोलीन बेग यांनी मोझांबिकमधल्या नियासा अभयारण्यात विचारलं की माणूस पक्ष्याला बोलावतो का. तिथले मध गोळा करणारे याओ लोक 'ब्र्र्र-हम्' असा आवाज करतात, आधी जिभेची लांब थरथर आणि मग आतून हुंकार. 2016 चा निकाल: इतर आवाज काढत चाललं तर पक्षी वाट दाखवायला येण्याची शक्यता 33 टक्के, या आवाजाने 66. पोळं दाखवलं जाण्याची शक्यता 16 वरून 54 टक्के.

टांझानियातले हाद्झा लोक मात्र शीळ घालतात. स्पॉटिसवुड आणि ब्रायन वूड यांनी 2023 मध्ये दोन्ही आवाज दोन्हीकडे लावून पाहिले. टांझानियातले पक्षी हाद्झांच्या शिळेला याओंच्या हाकेपेक्षा तिपटीहून जास्त उत्तर देतात, मोझांबिकमधले मात्र याओंच्या हाकेला जास्त देतात. आणि ही भाषा पक्षी आईबापांकडून शिकत नाही! हनीगाइड कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालतो. पिल्लाच्या चोचीला जन्मतःच आकडे असतात, त्यांनी ते घरट्यातल्या खऱ्या पिल्लांना मारून टाकतं. तेच पिल्लू मोठं होऊन माणसाचा आवाज ओळखायला शिकतं, त्या त्या भागातल्या माणसांकडूनच.

खडकपाणी

हनी बॅजर या मध खाणाऱ्या प्राण्यालाही हा पक्षी पोळ्यापर्यंत नेतो म्हणतात, ते कितपत खरं?

सांजपक्षी

जेसिका व्हान डेर वाल आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये आफ्रिकेतल्या मध गोळा करणाऱ्या जवळपास 400 लोकांना विचारलं. 80 टक्क्यांनी असं कधी पाहिलं नाही म्हणून सांगितलं. पण हाद्झांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी आपण पाहिल्याचं सांगितलं. जे रोज त्या रानात असतात त्यांना आधी विचारायला हवं, हे मला त्या कामातलं फार आवडलं.

शोधक

ब्राझीलमधल्या लागुनाचे मच्छीमारही याच रांगेतले. डॉल्फिन बोय माशांचा थवा किनाऱ्याकडे रेटतात, एक विशिष्ट बुडी मारतात, त्या क्षणी माणसं जाळी फेकतात. 2023 च्या अभ्यासात डॉल्फिन असताना मासे मिळण्याची शक्यता 17 पट निघाली, आणि यात भाग घेणाऱ्या डॉल्फिनांचा जगण्याचा दर 13 टक्क्यांनी जास्त. दोन्ही बाजू मोजलेलं असं काम थोडंच आहे. त्याच अभ्यासात बोय मासे कमी होत चालल्याची चिंताही आहे. मासेच आले नाहीत तर डॉल्फिन कुणासाठी बुडी मारणार आणि नवीन पोरं जाळं कशाला शिकणार?

ओंजळ

ऑस्ट्रेलियात ईडनजवळच्या टूफोल्ड बेमध्ये ऑर्का (किलर व्हेल) दुसऱ्या मोठ्या देवमाशांना कोंडून आणायचे आणि माणसं त्यांना मारायची, ऑर्कांना जीभ आणि ओठ मिळायचे. त्यातला 'ओल्ड टॉम' 1930 मध्ये मेला आणि ती रीत संपली. त्याचा सांगाडा तिथल्या संग्रहालयात आहे. या गोष्टी माणसाच्या बाजूनेही विसरल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं. मध बाजारातून येऊ लागला की हनीगाइडला हाक मारणारं कुणी उरत नाही, आणि पक्षी किती दिवस येऊन ओरडणार?

माळटिटवी

तुम्हा सगळ्यांचं वाचून आज पहाटे जुनी वही घेऊन गेले. या वेळी कळप यायच्या अर्धा तास आधी. कोतवाल तारेवर एकटाच होता. बराच वेळ नुसता बसला, मान इकडे-तिकडे. एकदा खाली झेपावला आणि रिकामा परत आला. तेही लिहिलं. मग लांबून गुरांच्या घंटा ऐकू आल्या आणि माझ्याआधी त्याने मान वळवली.